विश्लेषण : गेमिंगसाठी वायरलेस माऊस कितपत भरवशाचा? विलंब नेमका कुठे होतो?

नेम बरोबर होता, बटण वेळेवर दाबले होते, तरी गोळी सुटेपर्यंत समोरचा आडोशाला गेला. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक’ यांसारखे नेमबाजीचे गेम संगणकावर खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. माऊस वायरलेस असेल तर खापर हमखास त्याच्यावर फुटते आणि घरात नव्या माऊसची मागणी सुरू होते. नावाजलेल्या कंपनीचा गेमिंग माऊस काही हजार रुपयांना पडतो, अव्वल श्रेणीतला तर दहा हजारांच्याही पुढे जातो. त्यामुळे ‘गेमिंगसाठी तारेचाच माऊस हवा’ हा जुना सल्ला आजही लागू आहे की दोष भलतीकडेच आहे, हे खिशात हात घालण्याआधी समजून घ्यायला हवे.

तारेचा आग्रह कुठून आला?

माऊस या नावाच्या मुळाशीच तार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला नमुना तयार केला. लाकडी खोक्यातून बाहेर आलेली वायर शेपटीसारखी दिसे, म्हणून तो माऊस. ही शेपटी कापण्याचे प्रयत्नही जुने आहेत. लॉजिटेक कंपनीने १९९१ मध्येच रेडिओ लहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला होता. कार्यालयातल्या कामासाठी असे माऊस हळूहळू रुळले, पण गेम खेळणाऱ्यांनी ते बराच काळ लांबच ठेवले.

त्याला कारणे होती. जुन्या वायरलेस माऊसचा संदेश उशिरा पोहोचे, मध्येच तुटे आणि पडद्यावरचा बाण अडखळे. आतल्या बॅटरीमुळे माऊस जड होई आणि ती ऐन सामन्यात संपण्याची धास्ती वेगळीच. मजकूर टंकताना किंवा हिशेबाचा तक्ता भरताना बाण क्षणभर थबकला तर बिघडत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र तेवढ्यात डाव संपतो. ‘तारेचाच माऊस घे’ हा सल्ला त्या अनुभवातून आला. तो त्या काळी योग्यच होता.

विलंब मोजतात कसा?

हा सगळा हिशेब मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतो. माऊस आपली हालचाल संगणकाला सलगपणे कळवत नाही, ठरावीक अंतराने कळवतो. सेकंदाला किती वेळा कळवतो, याला ‘पोलिंग रेट’ म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये सांगतात. साध्या यूएसबी माऊसचा पोलिंग रेट सहसा १२५ हर्ट्झ असतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक निरोप. गेमिंग माऊसचा तो १००० हर्ट्झ असतो, म्हणजे दर एका मिलिसेकंदाला एक निरोप.

हे लोकलच्या वेळापत्रकासारखे आहे. दर आठ मिनिटांनी गाडी असेल तर एखाद्याला लगेच मिळेल, एखाद्याला पूर्ण आठ मिनिटे थांबावे लागेल. सरासरी खोळंबा चार मिनिटांचा. गाडी दर मिनिटाला असेल तर हाच खोळंबा अर्ध्या मिनिटावर येतो. माऊसच्या बाबतीत मिनिटाच्या जागी मिलिसेकंद ठेवले की झाले. म्हणजे १२५ ऐवजी १००० हर्ट्झचा माऊस घेतला तर सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात. हा फरक तारेच्या माऊसलाही तितकाच लागू आहे. साधा तारेचा माऊस १२५ हर्ट्झचा असेल, तर १००० हर्ट्झचा चांगला वायरलेस माऊस त्याच्यापेक्षा वेगवान ठरू शकतो. केवळ तार आहे म्हणून माऊस जलद, हे गणित इथेच चुकते.

क्लिकच्या बाबतीत आणखी एक टप्पा असतो. बटणाखालच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की क्षणभर थरथरतात. एका क्लिकचे दोन मोजले जाऊ नयेत म्हणून माऊसमधील चिप काही मिलिसेकंद वाट पाहते. स्वस्त माऊसमध्ये ही वाट पाहण्याची मुदत लांब असू शकते. त्याचाही तार असण्या-नसण्याशी संबंध नाही.

ब्लूटूथ आणि डोंगल यांत फरक काय?

खरेदी करताना सर्वाधिक फसगत होते ती इथे. बाजारात ‘वायरलेस’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. काही माऊस ब्लूटूथवर चालतात, तर काहींसोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर म्हणजे डोंगल येतो. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतात, पण बोलण्याची पद्धत निराळी.

ब्लूटूथ हे हेडफोन, घड्याळ, कीबोर्ड अशा अनेक उपकरणांसाठी बनवलेले सामाईक तंत्र आहे. त्याच्या वीज वाचवणाऱ्या प्रकारात दोन निरोपांमधले आजवर रूढ असलेले सर्वांत कमी अंतर साडेसात मिलिसेकंदांचे. म्हणजे वेग साध्या माऊसइतकाच, १२५ हर्ट्झच्या आसपास. त्यात लॅपटॉपचा तोच ब्लूटूथ हेडफोनही सांभाळत असेल तर निरोप आणखी रखडतात. वर वीज वाचवण्यासाठी माऊस काही क्षण स्वस्थ राहिला की झोपी जातो आणि पहिली हालचाल वाया जाते.

गेमिंग माऊसचा डोंगल फक्त त्या माऊससाठीच असतो. कंपनीने स्वतःची संदेशपद्धती बसवलेली असते, निरोप दर मिलिसेकंदाला जातो आणि एक वाट गर्दीची झाली तर जोडी दुसऱ्या वाटेवर सरकते. त्यामुळे ‘वायरलेस माऊस गेमिंगला चालत नाही’ असे जो म्हणतो, त्याने तो ब्लूटूथवर वापरला होता की डोंगलवर, हा पहिला प्रश्न. अनेक माऊसमध्ये दोन्ही सोयी असतात आणि खाली छोटी कळ असते. ती ब्लूटूथवर राहिल्याने नवाकोरा महाग माऊसही मंद वाटतो.

चित्र कधी पालटले?

अडचण केवळ लहरींची नव्हती, विजेचीही होती. माऊसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो आणि त्यांची तुलना करून माऊस कुठे, किती सरकला हे ठरवतो. जितका अचूक कॅमेरा तितकी वीज जास्त. ती पुरवायची तर मोठी बॅटरी आणि मोठी बॅटरी म्हणजे जड माऊस. लॉजिटेकचा २००५ मधील ‘जी ७’ हा वायरलेस गेमिंग माऊस अदलाबदलीसाठी दोन बॅटऱ्यांसह मिळे, यावरून तेव्हाची ओढाताण लक्षात येते.

पुढे कमी विजेत चालणारे सेन्सर आले आणि हे कोडे सुटले. २०१८ मध्ये आलेल्या लॉजिटेकच्या ‘जी प्रो वायरलेस’चे वजन ८० ग्रॅम होते आणि एका चार्जिंगमध्ये ४८ ते ६० तास चालण्याचा कंपनीचा दावा होता. रेझरने २०१९ मध्ये ७४ ग्रॅमचा ‘व्हायपर अल्टिमेट’ आणला. २०२० च्या अखेरीस आलेला ‘सुपरलाइट’ ६३ ग्रॅमच्याही आत होता. माऊस असा हलका झाल्यावर तारेचा दुसरा दोष उघडा पडला. टेबलाच्या कडेला घासणारी, कीबोर्डमागे अडकणारी वायर हात ओढून धरते. ती उचलून धरण्यासाठी खेळाडू ‘बंजी’ नावाचा छोटा स्टँड वापरत. तार गेल्यावर ही कटकटच संपली. व्यावसायिक खेळाडूंमध्ये आज वायरलेस माऊस सर्रास दिसतो, तो यामुळेच.

मग बाण अडखळतो कशामुळे?

बहुतेक वेळा डोंगलच्या जागेमुळे. पुष्कळ घरांत संगणकाचा कॅबिनेट टेबलाखाली असतो आणि डोंगल त्याच्या पाठीमागे खोचलेला. माऊस आणि डोंगल यांच्यामध्ये पत्र्याचा डबा, टेबलाची फळी आणि खेळणाऱ्याचे पाय. लहरी तिथवर पोहोचतात, पण क्षीण होऊन. निरोप हरवला की तो पुन्हा पाठवावा लागतो आणि हेच पडद्यावर अडखळणे म्हणून दिसते.

दुसरा अडथळा शेजारच्या सॉकेटमधला. यूएसबी ३.० च्या जोडणीतून माहिती जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो आणि त्या पट्ट्यातील वायरलेस उपकरणांना त्याचा त्रास होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडले होते. निळ्या रंगाच्या सॉकेटमध्ये बाहेरची हार्ड डिस्क आणि तिला खेटून डोंगल, अशी मांडणी असेल आणि फाइल कॉपी होताना माऊस अडखळत असेल, तर कारण बहुधा हेच.

तिसरी गोष्ट गर्दीची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला भारतात वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे वाय-फाय राउटर, ब्लूटूथ हेडफोन, शेजाऱ्यांची उपकरणे असे सगळेच त्यात गोळा होतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. दाटीवाटीच्या इमारतीत सायंकाळी ही गर्दी वाढते.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. चांगल्या गेमिंग माऊसबरोबर डोंगलसाठी एक एक्स्टेंशन वायर येते. ती पुष्कळदा खोक्यातच पडून राहते. ती लावून डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवला की बहुतेक तक्रारी मिटतात. सोबत वायर आली नसेल तर साधी यूएसबी एक्स्टेंशन वायरही चालते. डोंगल हार्ड डिस्कपासून दूर लावावा. संगणक आणि मोबाइल राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ नेटवर्कवर जोडावेत, म्हणजे माऊसची वाट मोकळी होते.

साखळीत माऊसचा वाटा किती?

बोट हलल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत आणि पुढे तो सर्व्हरला कळेपर्यंत बरेच टप्पे असतात. साधा पडदा ६० हर्ट्झचा असतो. त्यावर नवे चित्र येते दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हेच अंतर ६.९ आणि २४० हर्ट्झच्या पडद्यावर ४.२ मिलिसेकंद होते. टीव्हीला संगणक जोडून खेळत असतील तर टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ आणखी वेळ घालवतो. त्यासाठी टीव्हीतला ‘गेम मोड’ चालू करावा लागतो. ग्राफिक्स कार्डाची ताकद अपुरी असेल तर चित्रेच कमी तयार होतात. ‘व्ही-सिंक’ ही सोय चालू असेल तर तयार चित्रही थांबून राहते.

त्यापुढे इंटरनेट. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. तरीही घरातून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, ज्याला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात, तो काही दहा मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि वाय-फायवर तो वरखाली होत राहतो. शिवाय डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. या सगळ्यात चांगल्या डोंगलवाल्या माऊसचा वाटा एक-दोन मिलिसेकंदांचा.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर क्रम बदलायला हवा. राउटरपासून संगणकापर्यंत काहीशे रुपयांची लॅन केबल टाकली तर पिंगमधली धडधड थांबते. त्यातून मिळणारा फायदा नव्या माऊसच्या फायद्यापेक्षा बहुधा मोठा असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर खेळणाऱ्याने दहा हजारांचा माऊस घेण्याआधी पडद्याचा विचार केलेला बरा. विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करायला तर काहीच खर्च नाही. तो चालू असेल तर हात जितक्या वेगाने हलेल त्यानुसार बाणाची धाव बदलते. अनेक गेम या पर्यायाकडे दुर्लक्ष करू शकतात, सगळे नाही.

८००० हर्ट्झचा मोह धरावा का?

अलीकडे ४००० आणि ८००० हर्ट्झच्या माऊसच्या जाहिराती दिसतात. १००० हर्ट्झवर सरासरी विलंब अर्धा मिलिसेकंद असतो. ८००० हर्ट्झवर तो आणखी घटतो, पण वाचणारा वेळ अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. १२५ वरून १००० वर जाताना मोठा पल्ला पार होतो, त्यापुढची कमाई नगण्य. उलट इतके निरोप हाताळताना प्रोसेसरवर ताण येतो, जुन्या संगणकावर गेमच अडखळू शकतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. २४० हर्ट्झ किंवा त्यावरचा पडदा आणि तगडा संगणक नसेल तर या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खोक्यावरच्या ‘डीपीआय’चेही तसेच. माऊस इंचभर सरकवला तर किती टिंबे मोजली जातात, हा तो आकडा. जाहिरातीत तो पंचवीस-तीस हजारांच्याही पुढे जातो. मुरलेले खेळाडू मात्र साधारण ४०० ते १६०० च्या दरम्यानच खेळतात.

बॅटरीचे काय?

अडचण संपलेली नाही, सोपी झाली आहे. दोन पर्याय आहेत. काही माऊस साध्या पेन्सिल सेलवर चालतात. भारतात लोकप्रिय असलेला लॉजिटेकचा ‘जी ३०४’ एका सेलवर २५० तास चालतो, असा कंपनीचा दावा आहे. सेल संपला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणायचा. मात्र सेलमुळे वजन वाढते. हा माऊस सुमारे ९९ ग्रॅमचा आहे.

दुसरा प्रकार आतल्या लिथियम बॅटरीचा. तो हलका असतो, पण बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर थकते आणि ती बदलणे घरच्या घरी सोपे नसते. म्हणून माऊस किती वर्षे वापरायचा याचा विचार आधी करावा. चार्जिंगचे सॉकेट समोरच्या बाजूला आहे ना, हेही पाहावे. तसे असेल तर बॅटरी संपल्यावर केबल लावून खेळ चालू ठेवता येतो. अॅपलच्या ‘मॅजिक माऊस’चे सॉकेट तळाला असल्याने चार्ज होताना तो वापरताच येत नाही. गेमिंगमध्ये ही रचना परवडणारी नाही. थकलेली लिथियम बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

सुरक्षेचा धोका आहे का?

हवेतून जाणारा निरोप दुसरेही ऐकू शकतात. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी उघड केली. अनेक नामवंत कंपन्यांच्या डोंगलवर चालणाऱ्या माऊसचे निरोप सांकेतिक केलेले नव्हते. त्याचा फायदा घेऊन शंभरेक मीटरवर बसलेली व्यक्ती स्वस्त रेडिओ उपकरणाने माऊसचे सोंग घेऊ शकत होती आणि डोंगलमार्फत संगणकात कीबोर्डची बटणे दाबल्यासारख्या आज्ञा घुसवू शकत होती. ब्लूटूथ माऊसना या त्रुटीची झळ नव्हती. काही कंपन्यांनी डोंगलसाठी सुधारित फर्मवेअर दिले, काही जुने डोंगल मात्र सुधारता येण्यासारखे नव्हते. त्यामुळे ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्याला जुना किंवा अनोळखी बनावटीचा डोंगल लावू नये. माऊस कंपनीच्या संकेतस्थळावरील सॉफ्टवेअरने अद्ययावत ठेवावा.

तारेचा माऊस कोणासाठी?

तार बाद झालेली नाही. त्याच दर्जाचा सेन्सर आणि बटणे असलेला तारेचा माऊस वायरलेसपेक्षा स्वस्त मिळतो, कारण त्यात बॅटरी आणि रेडिओचा खर्च नसतो. दीड-दोन हजारांत बसवायचे असेल तर अनोळखी कंपनीच्या ‘वायरलेस गेमिंग’ माऊसपेक्षा नावाजलेल्या कंपनीचा तारेचा माऊस चांगला. गेमिंग कॅफेमध्येही तार सोयीची. एका खोलीत वीस-तीस डोंगल, रोजचे चार्जिंग आणि नखाएवढे डोंगल हरवण्याची भीती, यापेक्षा टेबलाला बांधलेली वायर बरी. ज्याला चार्जिंगची आठवणच राहत नाही, त्यालाही तारच ठीक.

ज्याचे बजेट आहे आणि जो डोंगलवर चालणारा, १००० हर्ट्झचा, समोर चार्जिंग सॉकेट असलेला माऊस घेतो, त्याला वायरलेसमुळे सामना हरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. नवा माऊस घेण्याआधी एक चाचणी घरीच करता येते. चार्जिंग केबल लावून तारेवर चालणारा माऊस असेल तर एक सायंकाळ तसे खेळावे, दुसऱ्या सायंकाळी डोंगल टेबलावर आणून वायरलेस. दोन्ही वेळा गोळी उशिराच सुटत असेल, तर दोष पडदा, इंटरनेट किंवा संगणक यांपैकी कशात तरी आहे. तो नव्या माऊसने दूर होणार नाही.